खाटेखालच्या विटा

"तुला भाकरी कोण घालणार, हे तुझं खरं दुखणं. वार-बिर काय न्हाय!" बयाबाईनं हातातली वैरणीची पेंढी सम्राटच्या पायाशी आपटली. "पहिलं बाळंतपण माहेरला. तुझ्या बापानं मला कधी अडवलं न्हाय, तू कोण लागून गेलाईस?"

"आई, मी न्हाय, डॉक्टर सांगत्यात!" सम्राट शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर होता. दिवसभर यंत्रांच्या वर आवाज काढून काढून त्याला घरातही हळू बोलता येत नसे. "आजच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली. लांब पाठवू नका म्हणाल्या. आठव्या महिन्यात परत बघायची, तवर नेसरीचं नाव काढू नका."

"वार पोर झाल्यावर पडत्या, सोन्या. आधीच खाली कशी यील? इतकी वर्सं म्हशी वितांना बघतोय मी."

"ती म्हस हाय का?"

"म्हस असती तर बरं झालं असतं. म्हशीच्या मध्ये कुणी तोंड घालत न्हाय."

ज्या सुनेवरून हे चाललं होतं ती संयोगिता उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. तिला पाचवा महिना होता. ती खालमानेनं एकेक पान खुडत होती आणि नवऱ्याची बाजू घ्यावी की सासूची, हे तिचं ठरत नव्हतं. माहेरी, नेसरीला जायची ओढ तर तिलाच सगळ्यांत जास्त होती.

"आत्ती, आठव्यात वर सरकली तर नवव्यात जाता येईल की," ती हळूच म्हणाली.

"बघा," खाटेवर पडलेला केरबा, म्हणजे बयाबाईचा नवरा, म्हणाला, "पोरीला कळतंय. तीन म्हयन्यांनी भांडायचं ते आज कशाला भांडताय? धारंची येळ झाली."

धारेची वेळ झाली, एवढ्या एका कारणानं गडमुडशिंगीतल्या त्या घरातली भांडणं आजवर मिटत आली होती. बयाबाईनं पेंढी उचलली आणि गोठ्यात गेली.

बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की सासूला सुनेचं बाळंतपण अंगावर घ्यायचं नाही. शेजारच्या बायकांनी तसं बोलूनही दाखवलं. बयाबाईनं त्यांना उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर सांगायला तिला लाज वाटायची.

बयाबाई या घरात आली तेव्हा घरात सासू, आजेसासू, दोन दीर आणि सहा म्हशी होत्या. पहाटे उठायचं, शेणघाण काढायची, धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचं आणि मग माणसांच्या पोटाकडं बघायचं. पाऊस असो, ताप असो, म्हशीला सुट्टी कळत नाही. म्हशीला कळत नाही म्हणून बाईलाही मिळत नाही. बयाबाईच्या सगळ्या संसारात तिला तीनदा सुट्टी मिळाली. दोन मुली आणि सम्राट. तिन्ही वेळा ती माहेरी म्हाकव्याला गेली. तिथं तिची आई तिला गरम पाण्यानं न्हाऊ घालायची, शेक द्यायची, ताटात तूप ओतायची आणि पोर रडलं तरी म्हणायची, "तू पड, मी बघतो." ती तीन बाळंतपणं सोडली तर बयाबाईला आयुष्यात कुणी "तू पड" म्हटलेलं नव्हतं. सम्राटच्या वेळी आईनं तिला गाडीत बसवून दिलं आणि पुढच्या वर्षी आईच गेली. मग पडायचा प्रश्नच उरला नाही.

लोक माहेरच्या बाळंतपणाला रीत म्हणत. बयाबाईच्या लेखी ती रीत नव्हती, बाईच्या नावावर असलेली तेवढीच एक जमीन होती. ती सुनेची बुडू द्यायची नाही, असं तिनं लग्नाच्या मांडवातच ठरवून ठेवलं होतं. शिवाय संयोगिता तिला आवडायची. पोरगी बी.कॉम. झालेली, शहरात एका ऑफिसात नोकरी करणारी, पण घरी आली की न सांगता दुधाची कासंडी घासायची. बयाबाईला तिचं कौतुक होतं आणि थोडी काळजीही होती, कारण न सांगता काम करणाऱ्या बाईचं पुढं काय होतं, हे तिला ठाऊक होतं.

आता त्या जमिनीच्या आड ही वार आली होती. बयाबाईनं दोन दिवस विचार केला. गोठ्यात म्हशींना पाणी दाखवता दाखवता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाभण म्हशीचं अंग कधी कधी वेण्याआधीच खाली सरकून बाहेर डोकावतं. मग जनावरांचा डॉक्टर येतो, अंग आत ढकलतो आणि सांगतो, हिची मागची बाजू उंच करून बांधा. मागच्या पायांखाली मातीची भर घालायची. उतार पुढच्या बाजूला झाला की आतलं ओझं पुढं जातं. पोरीचं हेच झालं असणार! डॉक्टरीनबाई शिकलेल्या खऱ्या, पण इतकी साधी गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती.

गोठ्याच्या भिंतीतून उरलेल्या विटा घरामागच्या परड्यात रचलेल्या होत्या. संयोगिता ऑफिसात गेलेली असताना बयाबाईनं केरबाला खाट उचलायला लावली आणि पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा सरकवल्या.

"ही काय तऱ्हा?" केरबा म्हणाला. "पोरगी रात्री घसरून उशाच्या भिंतीवर आदळंल."

"आदळंना. वार वर जाईल."

संध्याकाळी संयोगितानं खाट बघितली. सासूनं तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी म्हशीच्या नावासकट. संयोगिता म्हणाली, "बरं आत्ती." सम्राट आला तेव्हा त्यानं विटा काढायला हात घातला, तर तिनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

त्यानंतर घरात शांतता होती. संयोगिताला जड उचलू द्यायचं नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं बयाबाईला मनापासून पटलं होतं. ती सुनेच्या हातून पाण्याची घागरसुद्धा काढून घ्यायची. "पड जा," म्हणायची. संयोगिता आत जाऊन पडायची. पण केरबा ओसरीवर खोकला की तिच्या बांगड्या वाजायच्या, मामांना चहा हवा असेल म्हणून. बयाबाईनं केरसुणी हातात घेतली की ती दारात उभी, "आत्ती, मी काढतो." बयाबाई तिला पुन्हा आत धाडायची. दोघींचं हे दिवसातून कितीतरी वेळा चालायचं आणि बयाबाईला ते गोड वाटायचं. जेवणानंतर मात्र पोरीच्या छातीत जळजळ व्हायची. बयाबाई म्हणायची, बाळाला जावळ दाट असणार.

आठवा महिना लागला. सोनोग्राफीच्या दिवशी सम्राटची कामावर पहिली पाळी होती, म्हणून बयाबाईनं लुगडं बदललं, नवी चोळी घातली आणि सुनेबरोबर रिक्षानं राजारामपुरीत गेली. आपल्या विटांचं काम कसं झालंय, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

डॉक्टर मैथिली चाळिशीच्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. "आत एकच माणूस थांबेल," त्या म्हणाल्या.

"एकच हाय की मी," बयाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसली. भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवून तिनं आधीच सांगून टाकलं, "पोरगा का पोरगी ते मी इचारणार न्हाय. ते इचारायचं नसतंय, म्हाईत हाय मला. मला वार दाखवा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "वारच दाखवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्यांनी संयोगिताच्या पोटावर गार चिकट औषध लावलं आणि हातातला दांडा फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर राखाडी ठिपके हलू लागले. बयाबाईला काहीच कळेना. चुलीतल्या राखेत कुणीतरी फुंकर मारावी तसं ते दिसत होतं.

"हितं काय हाय?"

"आवाज," डॉक्टर म्हणाल्या. "हे मशीन पोटात आवाज सोडतं, आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो आत जाऊन आपटतो आणि परत येतो. विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. परत आलेल्या आवाजाचं चित्र होतं. हाड कठीण, तिथून जोरात परत येतो, म्हणून हाड पांढरं. पाण्यातून परतच येत नाही, म्हणून पाणी काळं. बाकी मऊ मांस ते असं राखाडी. आता बघा, ही काय?"

पांढऱ्या मण्यांची एक माळ पडद्यावर वाकडी पडली होती.

"पाठीचा कणा!" बयाबाई स्टुलावरून उठलीच.

"बरोबर. आणि हे हृदय."

एक बारीक उघडझाप चालली होती. बयाबाई बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिनं किती म्हशींच्या पोटाला कान लावले होते, पण आत जे चाललंय ते जिवंतपणी असं समोर तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला एकदम आपल्या आईची आठवण आली. तिला हे दाखवायला हवं होतं.

"आणि वार?"

"ही." डॉक्टरांनी एक जाड राखाडी पट्टा दाखवला. "मागच्या वेळी हिची कडा गर्भपिशवीच्या तोंडावर आली होती. आता वर गेलीय."

"गेली की न्हाय!" बयाबाईनं मांडीवर थाप मारली. "विटांनी गेली."

"कशानं?"

मग सगळं बाहेर आलं. खाट, विटा, म्हस, मागचे पाय. डॉक्टरांच्या हातातला दांडा थांबला. त्या मोठ्यानं हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते. संयोगितानं ओढणी तोंडावर घेतली.

"आजी, म्हशीचं अंग खाली येतं ते वेगळं," डॉक्टर म्हणाल्या. "ही वार सुटून खाली पडलेली नव्हती. पिशवीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली आहे, पहिल्यापासून. फक्त चिकटली ती खालच्या बाजूला, दरवाजाजवळ. खाट उंच केली काय, पोरीला उलटं टांगलं काय, ती हलत नाही. पिशवी जसजशी मोठी होते तशी खालची भिंत ताणली जाते, आणि वार दरवाजापासून लांब जाते. बहुतेक बायकांची अशीच जाते."

बयाबाईनं विचार केला. "कवळ्या भोपळ्याला देठाजवळ नख लागलं की भोपळा वाढंल तसा तो ओरखडा देठापासनं लांब जातो. तसं?"

"अगदी तसं."

"मग नेसरीला धाडू?"

डॉक्टरांनी पडद्यावर दोन ठिपके ठेवून अंतर मोजलं. "अजून पुरेशी लांब गेलेली नाही. नवव्या महिन्यात परत बघू. बहुतेक सरकेल. पण मी शब्द देणार नाही."

"येवढं मोठं मशीन, आणि शब्द न्हाय?"

"मशीन आजचं दाखवतं, आजी. उद्याचं दाखवत नाही." त्यांचा आवाज आता हसरा नव्हता. "नाही सरकली तर मध्येच रक्त जायला लागू शकतं. दुखत नाही, त्यामुळे बाई म्हणते, बघू थोड्या वेळानं. आणि ते थोडं नसतं. अशा वेळी ऑपरेशनची सोय आणि रक्त असलेला दवाखाना जवळ पाहिजे. तुमच्या घरून इथं यायला वेळ लागत नाही. नेसरीहून?"

दोन-अडीच तास, आणि गाडी मिळाली तर. राखाडी पट्ट्याकडं बयाबाईनं पुन्हा एकदा बघून घेतलं. सम्राट तीन महिने ओरडून सांगत होता ते तिला आत्ता दिसलं.

बाहेर आल्यावर दोघी रसाच्या गाड्यावरच्या बाकावर बसल्या. संयोगिता हिरमुसली होती, पण सासूला बरं वाटावं म्हणून रसाचं कौतुक करत होती.

"विटांचा तरास हुत होता काय गं?" बयाबाईनं विचारलं.

"न्हाय आत्ती."

"खरं सांग."

"जरा जळजळायचं. रात्री उशाकडं घसरायचो. मान दुखायची."

"तीन म्हयनं? मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही येवढ्या मायेनं लावल्यावर कसं बोलायचं?"

बयाबाईनं ग्लास खाली ठेवला. "तुझ्या आईनं लावल्या असत्या तर?"

संयोगिताला हसू फुटलं. पोरगी कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "आईनं? पहिल्याच रात्री मी परड्यात भिरकावल्या असत्या! वर म्हटलं असतं, तूच झोप जा तुझ्या म्हशीसंगं."

बयाबाईही हसली. पण रिक्षात बसल्यावर तिचं हसू गेलं. आईला ती 'म्हशीसंगं झोप' म्हणाली असती आणि सासूला तीन महिने 'बरं आत्ती' म्हणत उतारावर झोपली. यात सासू वाईट असायची गरजच नव्हती. सासू असणं पुरेसं होतं.

घरी आल्याबरोबर तिनं विटा काढल्या. त्या रात्री सुनेला गाढ झोप लागली.

रविवारी संयोगिताची आई धोंडुबाई नेसरीहून आली. लेकीला नवव्यात न्यायचं म्हणून ती डिंकाचे लाडू, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असं सगळं दाखवायला घेऊन आली होती. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात ती एकटी आणि दोन म्हशी. सोनोग्राफीत काय दिसलं ते बयाबाईनंच तिला सांगितलं. आवाज आणि विहीर, भोपळा आणि ओरखडा, आणि दुखत नाही पण थांबत नाही ते रक्त. धोंडुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मग हितंच ठेवा, इहीनबाई. पोरीच्या जिवापरास माझी हौस मोठी न्हाय. तुमी काय कमी मायेनं करणार हाय काय?"

"मायेचं सोडा," बयाबाई म्हणाली. "तुमीच या की हितं ऱ्हायला."

"जावयाच्या दारात दोन-तीन म्हयनं? मान्सं काय म्हणतील? आणि माज्या म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू? एक तर व्यायला झालीया. आजच्या दिवसाला शेजारीण बघत्या, ती बी तोंड वाकडं करून."

बयाबाई गोठ्यात गेली. गोठ्याच्या दारातून तिला माजघर दिसत होतं. संयोगिता आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. दोन्ही पाय भिंतीवर, साडीचं भान नाही. धोंडुबाई तिच्या केसांना तेल लावत होती.

"आई, चहा दे गं," संयोगिता ओरडली. "आणि साखर नीट घाल, मागल्या खेपंला नुसतं पाणी होतं."

"उठ की, हात मोडल्यात काय तुजं?"

"व्हय, मोडल्यात!"

ओसरीवर केरबा दोनदा खोकला. पाय भिंतीवरून हलले नाहीत. धोंडुबाईच उठली आणि तिनं सगळ्यांचा चहा टाकला.

चहा झाला हे सांगायला धोंडुबाईनं गोठ्यात हाक मारली. बयाबाई हात धुऊन आत आली. तिची चाहूल लागताच संयोगितानं पाय खाली घेतले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा आत्ती, मी आणतो तुमचा कप."

बयाबाईनं तिला हातानं बसवलं. स्वतःच कप घेतला आणि उभ्या उभ्या चहा पिऊन संपवला. सम्राट मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

"ते ठेव खाली," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐका. संयोगिता नेसरीला जाणार न्हाय. इहीनबाई हितं ऱ्हातील, बाळंतपण आणि वर सव्वा म्हयना."

"आवो, पण माज्या म्हशी..." धोंडुबाई म्हणाली.

"त्या मी बघतो. उद्या सकाळच्या पयल्या गाडीनं मी नेसरीला चाललोय. मी घरात असलो तर तुमी पावण्या. मी नसलो तर घर तुमचं, पोर तुमची, काय घालायचं ते घाला तिच्या ताटात."

"आई, डोस्कं फिरलं काय तुजं?" सम्राट उभा राहिला. "पोर झाल्यावर तू हितं नकोस?"

"आणि आपल्या म्हशी?" केरबानं विचारलं.

"तुम्हाला हात हायत. त्याला बी हायत." बयाबाईनं कप विसळून पालथा घातला. "पोर झालं की फोन करा, बघायला यीन आणि सांजच्या गाडीनं परत जाईन. आणि धारंला उशीर करू नका, भिंतीकडची म्हस लाथ मारत्या."